दोन प्रक्रियकांची तुलना आणि जालना जिल्ह्याचा पर्जन्य-अंदाज

१. विषयप्रवेश

जालना जिल्ह्यातील कोरडवाहू शेतकऱ्याचे वर्ष जूनमधील एका निर्णयावर अवलंबून असते. मृगाचा किंवा आर्द्रेचा पहिला चांगला पाऊस झाला म्हणजे कापूस, सोयाबीन, तूर यांचे बियाणे जमिनीत टाकावे, की आणखी काही दिवस थांबावे, हा तो निर्णय होय. पेरणी केली आणि नंतर पावसाने ओढ दिली तर उगवलेली रोपे करपतात व दुबार पेरणीचा खर्च अंगावर येतो. थांबावे तर वाफसा निघून जातो व हंगाम मागे पडतो. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याखेरीज पेरणीची घाई करू नये, असा सल्ला कृषी विभाग देत असतो. परंतु तेवढा पाऊस झाल्यावरही पुढील आठ-दहा दिवसांत काय होईल, हा प्रश्न शिल्लक राहतोच.

या प्रश्नाचे उत्तर ज्या गणितावर आधारलेले असते ते गणित पुण्यास पाषाण येथील भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील महासंगणकांवर केले जाते. या संस्थेत जानेवारी २०१८ मध्ये ‘प्रत्यूष’ हा महासंगणक राष्ट्रास अर्पण करण्यात आला, आणि २६ सप्टेंबर २०२४ रोजी ‘अर्क’ या त्याहून मोठ्या महासंगणकाचे उद्घाटन झाले. प्रत्यूष म्हणजे पहाट आणि अर्क म्हणजे सूर्य. नावांवरून क्रम सहज ध्यानात येतो. मात्र पहाटेपासून सूर्योदयापर्यंत नेमकी किती प्रगती झाली, हे नावावरून कळत नाही. ते कळण्यासाठी या यंत्रांच्या पोटात असलेल्या गणनेच्या घटकाकडे पाहावे लागते. त्या घटकास व्यवहारात प्रोसेसर म्हणतात. प्रस्तुत लेखात त्यास ‘प्रक्रियक’ असे म्हटले आहे.

दोन प्रक्रियकांची तुलना करताना ‘यांपैकी वेगवान कोणता?’ असा एकच प्रश्न विचारण्याची आणि त्यास एकाच आकड्यात उत्तर देण्याची प्रथा पडली आहे. ती अपुरी आहे. तुलना ही नेहमी एखाद्या विशिष्ट कामाच्या संदर्भातच करावी लागते, आणि काम बदलले की उत्तरही बदलते, हे जालना जिल्ह्याच्या पावसाचे उदाहरण घेऊन दाखविण्याचा येथे हेतू आहे.

२. संगणक पावसाचा अंदाज कसा काढतो

वातावरणाची गती, उष्णता व आर्द्रता यांचे नियम भौतिकशास्त्रास ज्ञात आहेत. आजची स्थिती ठाऊक असेल तर या नियमांच्या समीकरणांवरून उद्याची स्थिती काढता येईल, ही कल्पना शंभर वर्षांहून अधिक जुनी आहे. इंग्लंडमधील लुइस फ्राय रिचर्डसन यांनी १९२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात सहा तासांचा अंदाज हाताने गणित करून मांडला होता. त्या गणितास सुमारे सहा आठवडे लागले आणि उत्तरही चुकले. १९५० मध्ये अमेरिकेतील एनिॲक या यंत्रावर चोवीस तासांचा अंदाज काढण्यात आला, तेव्हा गणितासही जवळजवळ चोवीस तासच लागले. म्हणजे हवामान आणि यंत्र बरोबरीने चालले. अंदाज हवामानाच्या पुढे धावला तरच त्याचा उपयोग. म्हणून या शास्त्रात वेग ही सोय नसून मूलभूत अट आहे.

गणित करण्यासाठी पृथ्वीच्या पृष्ठभागावर एक काल्पनिक जाळी अंथरली जाते. जाळीच्या प्रत्येक बिंदूवर जमिनीपासून वर अनेक थर मानतात, आणि प्रत्येक थरात तापमान, वाऱ्याचा वेग, बाष्प इत्यादींची एकेक संख्या साठविली जाते. मग काही मिनिटांचा एक कालखंड घेऊन, प्रत्येक बिंदूवर त्या कालखंडानंतरची नवी संख्या काढतात. असे शेकडो, हजारो कालखंड ओलांडले म्हणजे दहा दिवसांचा अंदाज हाती येतो. दोन बिंदूंमधील अंतर जितके कमी, तितके चित्र बारीक. पण त्याच प्रमाणात गणितही अधिक.

प्रत्यूषच्या काळातील जागतिक प्रारूपाची जाळी व्यवहारात १२.५ किलोमीटरची म्हटली जात असे. तिच्यात विषुववृत्ताभोवती ३,०७२ बिंदू होते. जालना सुमारे २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. तेथे या जाळीचा एक चौकोन सुमारे १६० चौरस किलोमीटरचा होतो. जिल्ह्याचे क्षेत्रफळ ७,७१८ चौरस किलोमीटर आहे. म्हणजे उत्तरेस अजिंठ्याच्या डोंगररांगेलगतच्या भोकरदन-जाफ्राबादपासून दक्षिणेस गोदावरीकाठच्या अंबड-घनसावंगीपर्यंत सारा जिल्हा या प्रारूपास अवघ्या ४८ चौकोनांत मावलेला दिसत होता. आठ तालुक्यांस ते वाटले तर तालुक्याच्या वाट्यास सहा चौकोन येतात. एका शिवारात धो-धो पाऊस आणि शेजारच्या शिवारात धूळ, हा जूनमधील नित्याचा अनुभव या सहा चौकोनांत उतरणे शक्य नव्हते.

३. दोन प्रक्रियक

प्रत्यूष हा क्रे कंपनीचा एक्ससी-४० या जातीचा संगणक असून त्यात इंटेल कंपनीचा झिऑन ई५-२६९५ व्ही४ हा प्रक्रियक बसविला होता. अर्क हा बुलसिक्वाना एक्सएच-२००० या जातीचा असून त्यात एएमडी कंपनीचा एपिक ७६४३ हा प्रक्रियक आहे. पहिला बाजारात २०१६ मध्ये आला, दुसरा २०२१ मध्ये. वाचकांनी हे आरंभीच लक्षात घ्यावे, की ही तुलना दोन कंपन्यांची नसून पाच वर्षांच्या अंतराने निर्माण झालेल्या दोन पिढ्यांची आहे. त्यांचे मुख्य गुणधर्म पुढील तक्त्यात दिले आहेत.

तक्ता क्र. १

| गुणधर्म | झिऑन ई५-२६९५ व्ही४ | एपिक ७६४३ |
|---|---|---|
| गाभ्यांची संख्या | १८ | ४८ |
| मूळ स्पंदनसंख्या (सेकंदास, अब्ज) | २.१ | २.३ |
| स्मृतीकडे जाणारे मार्ग | ४ | ८ |
| स्मृतीतून येणारी आवक (सेकंदास, गिगाबाइट) | ७६.८ | २०४.८ |
| निकटस्मृती (मेगाबाइट) | ४५ | २५६ |
| उष्णतेची नेमलेली मर्यादा (वॅट) | १२० | २२५ |

यांपैकी काही संज्ञांचा खुलासा आवश्यक आहे. ‘गाभा’ म्हणजे स्वतंत्रपणे गणित करू शकणारा प्रक्रियकातील विभाग. पूर्वी एका प्रक्रियकात एकच गाभा असे. आता एकाच चकतीवर किंवा एकमेकांस जोडलेल्या अनेक चकत्यांवर कित्येक गाभे असतात. ‘स्पंदन’ म्हणजे यंत्राच्या घड्याळाचा एक ठोका. प्रत्येक ठोक्यास गाभा ठरावीक काम पुरे करतो. ‘स्मृती’ ही प्रक्रियकाच्या बाहेर असते आणि ‘निकटस्मृती’ त्याच्या अंगावरच असते. या दोहोंतील भेदाचे महत्त्व पाचव्या भागात स्पष्ट होईल.

४. शिखरक्षमतेचा हिशेब

प्रक्रियक एका सेकंदास जास्तीत जास्त किती बेरजा व गुणाकार करू शकेल, या संख्येस शिखरक्षमता म्हणतात. ती कागदावर काढता येते. दोन्ही प्रक्रियकांतील प्रत्येक गाभ्यात गुणाकार व बेरीज एकदम करणारे दोन विभाग आहेत. प्रत्येक विभाग एका ठोक्यास चार पूर्ण अचूकतेच्या संख्या हाताळतो. म्हणून एका ठोक्यास २ गुणिले ४ गुणिले २, म्हणजे १६ क्रिया होतात.

झिऑनसाठी १८ गाभे, २.१ अब्ज ठोके आणि १६ क्रिया यांचा गुणाकार ६०४.८ अब्ज होतो. एपिकसाठी ४८, २.३ अब्ज व १६ यांचा गुणाकार १,७६६.४ अब्ज होतो. सेकंदास एक अब्ज क्रियांस गिगाफ्लॉप म्हणण्याची रीत आहे. तेव्हा शिखरक्षमता अनुक्रमे ६०४.८ व १,७६६.४ गिगाफ्लॉप होय. गुणोत्तर २.९२. प्रत्यूषमध्ये १,१९,२३२ गाभे, म्हणजे ६,६२४ प्रक्रियक होते. त्यांची एकत्रित शिखरक्षमता याच रीतीने ४.०१ पेटाफ्लॉप येते, आणि यंत्राची घोषित क्षमताही तीच आहे. पेटाफ्लॉप म्हणजे सेकंदास एक हजार लक्ष कोटी क्रिया. अर्कची घोषित शिखरक्षमता ११.७७ पेटाफ्लॉप आहे. ती प्रत्यूषच्या २.९४ पट भरते.

येथपर्यंतचे चित्र फार आशादायक आहे. परंतु हेच आकडे गाभ्याच्या हिशेबाने पाहिले तर निराळे काही दिसते. झिऑनच्या एका गाभ्याची शिखरक्षमता ३३.६ गिगाफ्लॉप आहे, एपिकच्या एका गाभ्याची ३६.८. पाच वर्षांत एका गाभ्याच्या शिखरक्षमतेत दहा टक्क्यांचीही भर पडली नाही, आणि जी पडली ती केवळ ठोक्यांचा वेग वाढल्यामुळे. प्रगती झाली ती गाभ्यांच्या संख्येत. ठोक्यांचा वेग वाढविला की उष्णता त्याहून वेगाने वाढते, या भौतिक अडचणीमुळे उद्योगाने गेल्या दोन दशकांत हा मार्ग धरला आहे. यातून एक गोष्ट निष्पन्न होते. जे काम अनेकांत वाटून देता येते त्यालाच नव्या प्रक्रियकाचा पूर्ण लाभ मिळतो. जाळीच्या गणिताची वाटणी करता येते, हे हवामानशास्त्राचे सुदैव म्हणावे लागेल.

५. आकड्यांची वाहतूक

जालन्याच्या वाचकास परिचित असे एक उदाहरण घेऊ. एखाद्या जिनिंगमध्ये सरकी काढणारी यंत्रे दुप्पट-तिप्पट बसविली, परंतु कापूस आणणाऱ्या गाड्यांची संख्या त्या प्रमाणात वाढली नाही, तर यंत्रे रिकामी फिरतील. दिवसाअखेर किती रुई निघाली हे तेव्हा यंत्रांच्या क्षमतेवर ठरणार नाही, गाड्यांच्या आवकेवर ठरेल. प्रक्रियकाचे तसेच आहे. गाभा हे सरकी काढणारे यंत्र, स्मृती हे दूरचे शेत, स्मृतीकडे जाणारे मार्ग ही गाड्यांची वाट, आणि निकटस्मृती हा यंत्राशेजारचा ओटा, ज्यावर थोडा कापूस आधीच आणून ठेवता येतो.

हवामानाच्या गणितात एका संख्येवर फार थोड्या क्रिया होतात आणि लगेच दुसरी संख्या लागते. अगदी साधी पायरी घेतली तरी हे दिसते. दोन संख्या स्मृतीतून आणावयाच्या, एकीस एका स्थिरांकाने गुणून दुसरीत मिळवावयाची, आणि उत्तर परत ठेवावयाचे. यात क्रिया दोन झाल्या. वाहतूक मात्र तीन संख्यांची, म्हणजे २४ बाइटची झाली. झिऑनकडे सेकंदास ७६.८ गिगाबाइट येतात. तेव्हा अशा पायऱ्या ३.२ अब्ज होतील व क्रिया ६.४ अब्ज होतील. ६०४.८ च्या शिखरापुढे हे प्रमाण एक टक्का आहे. एपिकला २०४.८ गिगाबाइट मिळतात. क्रिया सुमारे १७ अब्ज होतील, म्हणजे त्याच्या शिखराचा एक टक्का देखील पुरता नाही. प्रत्यक्ष प्रारूपांत आणलेली संख्या ओट्यावर ठेवून अनेक वेळा वापरण्याची योजना केलेली असते, म्हणून प्रमाण याहून बरे असते. तथापि तेही शिखराच्या थोड्याच टक्क्यांइतके राहते.

आता दोहोंची तुलना या दृष्टीने करावी. आवकेचे गुणोत्तर २०४.८ भागिले ७६.८, म्हणजे २.६७ येते. गाभ्यांच्या संख्येचे गुणोत्तरही ४८ भागिले १८, म्हणजे तेवढेच आहे. याचा अर्थ असा, की प्रत्येक गाभ्यास मिळणारी आवक दोन्ही प्रक्रियकांत सेकंदास ४.२७ गिगाबाइट, तंतोतंत तीच राहिली. प्रत्येक क्रियेमागे मिळणारी आवक तर किंचित घटली: झिऑनमध्ये ०.१२७ बाइट, एपिकमध्ये ०.११६ बाइट. यंत्रे वाढली त्या मानाने गाड्या वाढल्या नाहीत.

ही उणीव भरून काढण्यासाठी एपिकच्या रचनाकारांनी ओटा मोठा केला आहे. झिऑनमध्ये गाभ्यामागे निकटस्मृती २.५ मेगाबाइट आहे, एपिकमध्ये ती ५.३ मेगाबाइट होते. ती मात्र सलग नाही. एपिकचे ४८ गाभे आठ चकत्यांवर सहा-सहा असे विभागलेले आहेत आणि प्रत्येक चकतीचा ३२ मेगाबाइटचा ओटा तिच्या सहा गाभ्यांपुरताच आहे. कार्यक्रम लिहिणाऱ्याने जाळीचे तुकडे या ओट्यात मावतील असे पाडले तर लाभ मोठा. न पाडले तर तो हातचा जातो.

याशिवाय प्रक्रियकांनी एकमेकांशी बोलण्याचा भाग आहे. भारतात वापरात असलेली ही जागतिक प्रारूपे वातावरणाचे वर्णन तरंगांच्या रूपाने करतात. तरंग संपूर्ण पृथ्वीस वेढणारा असल्याने प्रत्येक कालखंडात सर्व प्रक्रियकांस सर्वांकडील संख्या लागतात. हजारो प्रक्रियकांतील ही देवघेव जोडणीच्या जाळ्यावरून होते, आणि त्या वेळात गाभे वाट पाहत बसतात. केवळ प्रक्रियकाच्या तुलनेत हा खर्च दिसत नाही.

६. विजेचा हिशेब

वेग किती, याबरोबरच तो किती विजेत मिळतो हे पाहणे म्हणजे कार्यक्षमता पाहणे होय. तक्त्यातील वॅटची संख्या ही उष्णता वाहून नेण्यासाठी निर्मात्याने नेमलेली मर्यादा आहे. मापलेला वापर नव्हे. तरी तुलनेस ती पुरेशी आहे. झिऑन एका वॅटमागे ५.०४ गिगाफ्लॉप देतो, एपिक ७.८५ देतो, गुणोत्तर १.५६. आवकेच्या दृष्टीने झिऑन वॅटमागे ०.६४ गिगाबाइट आणतो, एपिक ०.९१ आणतो, गुणोत्तर १.४२. म्हणजे आवकेवर अवलंबून असलेले तेच काम एपिकवर केल्यास प्रक्रियकाची वीज सुमारे ७० टक्क्यांवर येते. या बचतीमागे मुख्यतः घडणीची सूक्ष्मता आहे. झिऑन १४ नॅनोमीटरच्या रीतीने घडविला आहे. एपिकच्या गाभ्यांच्या चकत्या ७ नॅनोमीटरच्या रीतीने घडविल्या आहेत.

परंतु केवळ प्रक्रियकाच्या विजेवर थांबणे योग्य नव्हे. प्रत्यूषचे उदाहरण या बाबतीत उद्बोधक आहे. ६,६२४ प्रक्रियक गुणिले १२० वॅट म्हणजे ७९५ किलोवॅट होतात. जगातील महासंगणकांच्या यादीत मात्र या यंत्राचा वापर १,३५३ किलोवॅट नोंदला आहे. उरलेली ५५८ किलोवॅट वीज स्मृती, जोडणी, पंखे आणि विजेच्या रूपांतरातील गळती यांत जाते. यंत्र अखंड या दराने चालले तर दिवसास सुमारे ३२,५०० युनिट वीज लागेल. त्याच यादीत मोठ्या समीकरणसंचाची उकल करण्याच्या कसोटीवर प्रत्यूषने ३.७६ पेटाफ्लॉप गाठल्याची नोंद आहे. म्हणजे शिखराच्या ९४ टक्के. तिच्यावरून वॅटमागे २.७८ गिगाफ्लॉप येतात. प्रक्रियकाच्या कागदी ५.०४ या आकड्याचे हे जेमतेम ५५ टक्के आहेत. शिवाय ही कसोटी प्रक्रियकास अनुकूल आहे, कारण तिच्यात आणलेली संख्या पुष्कळ वेळा वापरली जाते. पावसाचे गणित इतके उदार नसते.

७. जाळी बारीक करण्याचे मोल

जाळीतील अंतर निम्मे केले तर पूर्व-पश्चिम बिंदू दुप्पट होतात, उत्तर-दक्षिणही दुप्पट होतात, आणि वारा एका कालखंडात फार बिंदू ओलांडू नये म्हणून कालखंडही साधारणतः निम्मा करावा लागतो. गणित आठपट होते. अर्कची शिखरक्षमता मात्र प्रत्यूषच्या तिपटीहूनही किंचित कमी आहे, आणि आवकेच्या दृष्टीने प्रक्रियकामागील लाभ २.६७ पट आहे. तरीही २६ मे २०२५ रोजी ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ या नावाने सहा किलोमीटरच्या जाळीचे प्रारूप देशाच्या सेवेस सादर करण्यात आले. आठपटीचे काम तिपटीच्या यंत्रात कसे बसले?

याचे उत्तर प्रक्रियकात नाही, गणितात आहे. नव्या प्रारूपात जाळीचा आकारच बदलला. अक्षांश-रेखांशांच्या साध्या जाळीत प्रत्येक अक्षवृत्तावर बिंदू सारखेच असतात. त्यामुळे ध्रुवाजवळ ते विनाकारण दाटतात. नव्या अष्टफलकी जाळीत ध्रुवाजवळच्या पहिल्या वृत्तावर फक्त २० बिंदू असतात, आणि विषुववृत्ताकडे येताना प्रत्येक वृत्तावर चार-चार वाढत जातात. १५३४ तरंगांच्या या प्रारूपात ध्रुव ते विषुववृत्त १,५३५ वृत्ते असून शेवटच्या वृत्तावर ६,१५६ बिंदू येतात. पृथ्वीचा परीघ ४०,०७५ किलोमीटर. त्यास भागले म्हणजे दोन बिंदूंतील अंतर ६.५ किलोमीटर येते. सर्व वृत्तांची बेरीज ९४ लक्ष ८० हजार बिंदू होते. एवढ्याच अंतराची साधी जाळी घातली असती तर १ कोटी ८९ लक्ष बिंदू लागले असते. म्हणजे आकार बदलल्याने निम्मे गणित वाचले. पूर्वीच्या प्रारूपातही तरंग १५३४ च होते. तेव्हा तरंगांच्या गणिताचा बोजा बेताचा ठेवून भूपृष्ठावरील चित्र बारीक करण्यात आले.

पूर्वीची जाळी पूर्ण आयताकृती धरल्यास तिचे बिंदू ३,०७२ गुणिले १,५३६, म्हणजे ४७ लक्ष १९ हजार होतात. नव्या जाळीत ते साधारण दुप्पट झाले. जालन्याच्या अक्षांशावर मात्र नव्या जाळीचा चौकोन उत्तर-दक्षिण ६.५ व पूर्व-पश्चिम सुमारे ७.९ किलोमीटरचा, म्हणजे ५१ चौरस किलोमीटरचा होतो. त्यामुळे जिल्ह्यात ४८ च्या जागी सुमारे १५० चौकोन आले. साऱ्या पृथ्वीचे बिंदू दुप्पट झाले असता जालन्याचे तिप्पट झाले. ध्रुवावरील बर्फाच्या वाट्याचे बिंदू काढून ते उष्ण कटिबंधास देण्यात आले, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

विजेच्या हिशेबावर याचा परिणाम काय, तेही पाहू. बिंदू दुप्पट आणि कालखंड निम्मा धरला तर काम चौपट होते. कामामागील वीज ०.७ पट झाली असली तरी एका अंदाजाची वीज २.८ पट होते. प्रक्रियक अधिक कार्यक्षम झाला, आणि तरीही एकूण वीज वाढली. कारण वाचलेली वीज आपण साठवून ठेवली नाही. ती अधिक बारीक अंदाजासाठी खर्च केली. तो खर्च योग्य की अयोग्य, हे त्या बारकाईचा उपयोग किती होतो यावरच ठरेल.

८. जालन्याच्या शेतकऱ्यास काय मिळते

तालुक्यामागे सहाऐवजी एकोणीस चौकोन मिळाले, हा लाभ खरा आहे. अजिंठ्याच्या रांगेचा उतार, पूर्णा व दुधना यांची खोरी, गोदावरीचा सखल काठ यांतील भेद आता प्रारूपास पूर्वीपेक्षा स्पष्ट दिसतो. परंतु याचा विपर्यास होऊ नये म्हणून दोन मर्यादा सांगणे अगत्याचे आहे.

पहिली अशी, की जाळीच्या अंतराएवढी लहान घटना जाळीत पकडली जात नाही. तरंगाचा आकार कळण्यास त्याच्या लांबीत अनेक बिंदू लागतात, म्हणून ६.५ किलोमीटरच्या जाळीस विश्वासाने दिसणारी घटना त्याच्या कित्येक पट, साधारण तीस-चाळीस किलोमीटर विस्ताराची असते. जूनमधील वळवाचा ढग काही किलोमीटरांचाच असतो. प्रारूप त्याचे सामान्य वर्तन सूत्रांनी अंदाजते, तो ढग प्रत्यक्ष पाहत नाही. तेव्हा गावाच्या नावासमोर छापलेला पावसाचा आकडा हा त्या गावाचा नव्हे, त्या टापूचा आहे असे समजणेच शहाणपणाचे.

दुसरी मर्यादा आरंभीच्या स्थितीची. प्रक्रियक कितीही वेगवान असला तरी आजचे वातावरण त्यास जितके अचूक सांगावे, तितकेच उद्याचे तो सांगू शकतो. मंडळातील पर्जन्यमापक नीट उभा आहे का, त्याच्यावर झाडाची सावली नाही ना, नोंद वेळेवर गेली का, या साध्या गोष्टींचे मोल यंत्राच्या मोलापेक्षा कमी नाही. किंबहुना अंदाज चुकला की बरोबर आला, हे तपासण्याचेही ते एक महत्त्वाचे साधन आहे. बाष्प व वाऱ्याच्या आरंभीच्या मापनातील लहान चूक दिवसेंदिवस वाढत जाते. म्हणून एकच गणित न करता किंचित निरनिराळ्या आरंभांपासून अनेक गणिते करण्याची पद्धत आहे. प्रत्यूषवर २०१८ मध्ये १२ किलोमीटर जाळीच्या २१ गणनांचा असा समूह चालविण्यास आरंभ झाला. यांतील किती गणनांत पाऊस येतो यावरून संभाव्यता काढतात. ‘पाऊस येईल’ या वाक्यापेक्षा ‘दहांत सात वेळा येईल’ हे वाक्य पेरणी करणाऱ्यास अधिक उपयोगी आहे. ज्याच्याजवळ दुसऱ्यांदा बियाणे घेण्याची ऐपत नाही त्याने सातांवर थांबावे, आणि ज्याच्या विहिरीस पाणी आहे त्याने सातांवर पेरावे, असा विचार त्यास करता येतो. हा विचार यंत्र करू शकत नाही. तो शेतकऱ्याचा आहे आणि त्यास साह्य करणाऱ्या कृषी सल्लागाराचा आहे. मराठवाड्यासाठी असा हवामानाधारित सल्ला परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातून दिला जातो.

९. उपसंहार

एकाच जोडीच्या तुलनेतून कोणते निरनिराळे आकडे निघाले ते एकत्र पाहू. शिखरक्षमतेत एपिक झिऑनच्या २.९२ पट आहे. आवकेत २.६७ पट आहे. वॅटमागील क्रियांत १.५६ पट, वॅटमागील आवकेत १.४२ पट, आणि एका गाभ्याच्या शिखरक्षमतेत केवळ १.१० पट आहे. हे पाचही आकडे खरे आहेत. जाहिरातीत पहिला येतो आणि बाकीचे मागे राहतात. पावसाच्या गणितास मात्र वेगाच्या बाबतीत दुसरा व विजेच्या बाबतीत चौथा आकडा लागू पडतो, कारण ते गणित आवकेवर चालते.

यास्तव विद्यापीठातील प्रयोगशाळेने, बियाण्यांच्या संशोधन केंद्राने किंवा एखाद्या महाविद्यालयाने संगणक घेताना प्रथम आपल्या कामाचे स्वरूप तपासावे. ते काम संख्येमागे पुष्कळ क्रिया करणारे असेल तर शिखरक्षमता पाहावी; थोड्या क्रिया करून पुष्कळ संख्या हलविणारे असेल तर आवक आणि निकटस्मृती पाहावी; वाटणी न होणारे असेल तर एका गाभ्याचा वेग पाहावा. शक्य तर आपलाच कार्यक्रम दोन्ही यंत्रांवर चालवून वेळ व वीज मोजावी. त्याहून विश्वसनीय कसोटी नाही.

आणि यंत्र घेण्यापूर्वी गणिताकडे पुन्हा एकदा पाहावे. जालना जिल्ह्यास पूर्वीच्या तिप्पट चौकोन मिळाले, ते प्रक्रियकाच्या नव्या पिढीमुळे मिळाले तसेच जाळीच्या नव्या आकारामुळेही मिळाले. यांपैकी पहिली गोष्ट विकत घ्यावी लागली. दुसरी कागद-पेन्सिल घेऊन विचार केल्याने साधली. पुढच्या पावसाळ्यात भोकरदनच्या माळावर किंवा घनसावंगीच्या काळ्या रानात पेरणीसाठी थांबलेल्या शेतकऱ्यास दिलेला अंदाज किती वेळा खरा ठरतो, हीच या दोन्ही प्रयत्नांची अखेरची तुलना होय.